महायुद्ध संपल्यावर सुरू होणारी गोष्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाजलेल्या फँटसी कादंबऱ्यांपैकी इतक्या कादंबऱ्या कुठल्या ना कुठल्या महायुद्धानंतरच्या काळातच का घडतात? ही लेखकांनी एकमेकांची केलेली नक्कल आहे, की त्यामागे लेखनाचेच काही कारण आहे? शिवाय तुम्ही लिहीत असलेल्या कादंबरीत दोन डोंगरी राज्यांमध्ये पाचशे वर्षांपूर्वी झालेले एक युद्ध आहे, ते ठेवावे की काढून टाकावे, हेही तुम्हाला ठरवायचे आहे. अद्भुतकथांच्या संहितांचे संपादन हेच माझे काम असल्यामुळे हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत माझ्यासमोर येत असतो. नक्कल होते, आणि पुष्कळ होते, हे मान्यच करायला हवे. परंतु ज्या गोष्टीची इतकी वर्षे नक्कल होत राहते, ती मुळात कुठली तरी खरी गरज भागवत असते.

ती गरज समजण्यासाठी आधी ऐतिहासिक कादंबरीकाराकडे पाहा. 'पानिपत होऊन तीन वर्षे लोटली होती' एवढे एक वाक्य त्याने लिहिले, की मराठी वाचकाच्या मनात न सांगता केवढे तरी उभे राहते: कर्त्या पुरुषांवाचून ओस पडलेले वाडे, कर्जाचा डोंगर, खचून गेलेल्या नानासाहेबांचा मृत्यू, सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे घेणारे माधवराव, मोती गळाल्याचा आणि मोहरा हरवल्याचा तो सांकेतिक मजकूर. हे सगळे लेखकाला आयते मिळते. एखादे पात्र दाराबाहेर घोड्याच्या टापा ऐकून उगाच दचकले, तरी ते का दचकले हे वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. फँटसी लिहिणाऱ्याकडे असा एकही आयता शब्द नसतो. त्याचा नकाशा नवा, राजघराणी नवी, देव नवे आणि वाचकाची पाटी कोरी. ही माणसे अशीच का वागतात, हा किल्ला पडका का आहे, अमुक गावचे लोक तमुक गावात मुलगी का देत नाहीत, या सर्वांना आधार देणारा एक सामायिक भूतकाळ त्याला स्वतःच घडवावा लागतो. होऊन गेलेले महायुद्ध हा असा भूतकाळ घडवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, कारण युद्ध एकाच वेळी राजालाही लागते आणि गुराख्यालाही लागते. एरवी ज्यांची कधी गाठ पडली नसती अशा माणसांना ते एकाच घटनेचे वारसदार करून ठेवते.

पण निव्वळ भूतकाळ पुरत नाही. माझे मत असे आहे, की युद्धोत्तर काळ कथेला उपयोगी पडतो तो न मिटलेल्या हिशेबामुळे. युद्ध जिंकले जाते, तह होतो, अभिषेक होतो. तरीही कोणी कोणाला काय देणे लागतो हे ठरायचेच राहते, आणि ते देणे पुढे अशा माणसांच्या माथी येते ज्यांनी ते युद्ध पाहिलेलेही नसते. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा सगळा डोलारा अशा एका क्षणावर उभा आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या युद्धात शत्रूचा पाडाव होतो, लढाईत पडलेल्या राजाचा मुलगा इसिल्दूर त्याच्या हातातली, त्याची ताकद सामावलेली अंगठी कापून घेतो आणि ती तिथल्या तिथे अग्नीत टाकून नष्ट करावी हा सल्ला झिडकारतो. तो कारण देतो ते असे, की युद्धात मारल्या गेलेल्या माझ्या वडिलांची आणि भावाची ही भरपाई आहे. प्राचीन जर्मानिक कायद्यात खुनाच्या बदल्यात मृताच्या नातलगांना दंड भरून देण्याची रीत होती आणि इसिल्दूर तीच भाषा बोलतो. त्याच्या दृष्टीने तो आपले न्याय्य देणे वसूल करत असतो. शोकात बुडालेल्या एका मुलाने केलेली ही वसुली तीन हजार वर्षांनी फ्रोडो नावाच्या एका साध्या गृहस्थाला फेडावी लागते. इथे युद्ध कथेची पार्श्वभूमी म्हणून आलेले नाही, ते कथेचे कारण आहे. हा भेद तुम्ही नीट लक्षात घ्यावा, कारण नवोदितांच्या संहिता बहुतांशी इथेच ढिल्या पडतात.

टॉल्किनला हे कुठून सुचले याविषयी फार सैलपणे लिहिले जाते, म्हणून नेमके सांगते. तो १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, उत्तर फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत संदेशवहन अधिकारी होता आणि खंदकातल्या तापाने आजारी पडून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इंग्लंडला परतला. शाळेपासूनच्या चौघा जिवलग मित्रांच्या गटातले दोघे त्याच वर्षी गेले. एक लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला, तर दुसरा डिसेंबरमध्ये जखमांमुळे. आपले पुस्तक म्हणजे महायुद्धाचे रूपक आहे, हा अर्थ त्याने स्पष्ट शब्दांत नाकारला आणि त्याचे म्हणणे आपण मानले पाहिजे. मात्र पुस्तकातल्या 'मृतांच्या दलदली'च्या प्रकरणावर सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सची काही छाया आहे, हे त्याने एका पत्रात स्वतः मान्य केले होते. त्या प्रकरणात प्राचीन रणांगणातील थडगी दलदलीने गिळलेली आहेत आणि पाण्याखाली मेलेल्यांचे चेहरे दिसतात. त्यात मित्रांचे चेहरे आहेत आणि शत्रूंचेही. पाण्याने दोघांना सारखेच करून टाकले आहे. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या त्या शेतांत नांगराच्या फाळाला आजही न फुटलेले तोफगोळे लागतात, शेतकरी ते उचलून बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला ठेवतात आणि लष्कराचे पथक येऊन ते घेऊन जाते. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही जमीन युद्ध परत करत राहते, ही गोष्ट ज्याने तिथला चिखल तुडवला त्याला कल्पनेने रचावी लागली नाही.

त्या पुस्तकाचा शेवट तर मी शिकवायला म्हणून वारंवार वापरते. फ्रोडो जिंकून घरी येतो, गावाची नासधूस झालेली असते तीही दुरुस्त होते, मित्राचे लग्न होते, त्याला मूल होते. तरीही दरवर्षी ठरावीक दिवशी, म्हणजे ६ ऑक्टोबरला, जिथे त्याला पाते लागले होते ती जखम पुन्हा दुखू लागते, आणि १३ मार्चच्या सुमारास, विषारी कोळिणीच्या दंशाच्या तिथीला, तो आजारी पडतो. कोणाला कळू नये म्हणून तो ते लपवतोही. लेखकाने इथे एकही मोठा शब्द वापरलेला नाही. पंचांगातली एक तारीख आणि अंथरुणावर पडलेला माणूस, एवढ्यावर त्याने युद्धाची किंमत सांगितली आहे. तुमच्या संहितेत रक्ताचे पाट आहेत, पण अशी एकही तारीख नाही.

या प्रकाराला विसाव्या शतकाने फार बळ दिले हे खरे. सी. एस. लुईस १९१८ मध्ये फ्रान्समध्ये जखमी झाला होता. त्याच्या नार्नियाच्या पहिल्या पुस्तकातली मुले लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांमुळे खेड्यात पाठवलेली आहेत. रॉबर्ट जॉर्डन व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवर गनर होता आणि १९९० मध्ये सुरू झालेल्या त्याच्या 'द व्हील ऑफ टाइम' या मालिकेत जुन्या युद्धातला विजयच शाप ठरतो: शत्रूला कोंडताना पुरुषांच्या वाट्याची जादूच नासते आणि ती वापरणारे वेडे होऊन जग उद्ध्वस्त करतात. तथापि, ही केवळ दोन महायुद्धांची देणगी आहे असे मानणे आपल्याला तरी शोभणार नाही, कारण आपल्याकडे याचा सर्वांत मोठा नमुना पूर्वापार आहे.

महाभारताच्या अठरा पर्वांपैकी प्रत्यक्ष लढाई भीष्मपर्वापासून सौप्तिकपर्वापर्यंत चालते. त्यानंतरची आठ पर्वे युद्ध झाल्यावरची आहेत आणि सर्वांत मोठे असलेले शांतिपर्व त्यांतच येते. ग्रंथाचा सांगाडासुद्धा युद्धोत्तर आहे. कथा ऐकतो तो जनमेजय हा अभिमन्यूचा नातू, आणि ती ऐकताना तो स्वतः वडिलांच्या मृत्यूचा सूड म्हणून नागांचा संहार करायला बसलेला आहे. म्हणजे 'आमच्या पणजोबांचे काय झाले?' हे विचारणारा श्रोता त्याच वेळी नव्या कुलक्षयाच्या अग्नीत आहुती देतो आहे. कथानकाची याहून धीट रचना मला तरी माहीत नाही. स्त्रीपर्वात गांधारी रणभूमीवर येते तेव्हाचे एक वर्णन मी लिहिणाऱ्यांना आवर्जून वाचायला सांगते. मेलेल्यांच्या बायका तिथे आपापली माणसे शोधत आहेत. कोणी एक तुटलेले शिर उचलून एका धडाला लावून पाहते आणि हे त्याचे नव्हेच हे ध्यानात येऊन पुन्हा शोधू लागते. त्याच पर्वात पाणी देताना कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. युद्धाआधी सांगितले असते तर कदाचित युद्ध टळले असते अशी ही गोष्ट, सांगितली जाते ती तर्पणाच्या वेळी. युधिष्ठिराला सिंहासन नकोसे होते ते त्यानंतर.

आणि मौसलपर्व. युद्धाला छत्तीस वर्षे झाली आहेत, प्रभासक्षेत्री यादव मद्य पिऊन बसले आहेत. पांडवांकडून लढलेला सात्यकी कौरवांकडून लढलेल्या कृतवर्म्याला टोमणा मारतो, की झोपलेल्या माणसांना मारणारा तू कसला क्षत्रिय. कृतवर्मा उलट विचारतो, की हात तुटून प्रायोपवेशनाला बसलेल्या भूरिश्रव्याला तू मारलेस ते काय होते. दोघेही खरे बोलत आहेत. दोघांनीही छत्तीस वर्षे ते पोटात ठेवलेले आहे. पाहता पाहता सात्यकी कृतवर्म्याचे शिर उडवतो आणि मग सारे कूळ एकमेकांना मारून संपते. त्यामागे गांधारीचा आणि ऋषींचा शाप आहेच, पण व्यासांनी शापाला घडायला वाट करून दिली ती एका जुन्या हिशेबातून. युद्धोत्तर कथा कशी लिहावी हे मला विचारले तर मी हाच प्रसंग दाखवते: शत्रू संपलेला, दोघे एकाच पंगतीत, आणि तरीही.

यावरून कालांतराचा मुद्दा येतो, आणि तुमच्या कादंबरीचा खरा प्रश्न तिथे आहे. युद्ध आणि कथा यांच्यामध्ये किती वर्षे ठेवावीत, हा निर्णय बहुतेक जण सहज घेऊन मोकळे होतात. हजार हा आकडा भारदस्त वाटतो म्हणून हजार लिहितात. वास्तविक त्या आकड्यावर सगळे अवलंबून असते. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या १९९६ मधल्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये राजाविरुद्धचे बंड होऊन सुमारे पंधरा वर्षे झाली आहेत. पंधरा वर्षांत त्या युद्धातले तरुण राज्यकर्ते झालेले असतात, त्यांची गुपिते अजून जिवंत असतात, आणि युद्धाच्या धामधुमीत जन्मलेली मुले नेमकी कथेत उतरण्याच्या वयात आलेली असतात. बाप कोण, आई कोण, वचन कोणी मोडले, या प्रश्नांना त्यामुळे धार येते. हॅरी पॉटरच्या कथेत हे अंतर आणखी कमी आहे: पहिले युद्ध संपते तेव्हा तो वर्षाचा आणि गोष्ट सुरू होते तेव्हा अकराचा. युद्ध संपल्याच्या घाईत एका निरपराध माणसाला चौकशी न करता तुरुंगात डांबले जाते आणि खरा फितूर मेला असे समजून त्याचा गौरव होतो. विजयाच्या दिवसांत असे अन्याय घडतात, कारण त्या वेळी फाइल बंद करण्याची सर्वांनाच निकड असते.

तीन हजार वर्षांचे अंतर वेगळेच काम करते. तेव्हा युद्धाचे गाणे झालेले असते, त्यातली नावे चुकीची उच्चारली जातात, आणि कथा पुढे सरकते तसे गाण्यातले खरे निघू लागते. टॉल्किनने त्यात एक गोष्ट साधली जी वास्तववादी लेखकाला साधणारच नाही: त्याने अमर वंशातल्या एल्रॉन्डला त्या युद्धाचा साक्षीदार म्हणून जिवंत ठेवले. अंगठीचे काय करावे हे ठरवायला भरलेल्या सभेत बहुतेकांसाठी जी दंतकथा, ती त्याच्यासाठी आठवण आहे. तुमची पाचशे वर्षे मला अडचणीची वाटतात ती यासाठी, की कोणी साक्षीदार उरलेला नाही आणि तरीही दोन्ही राज्यांतल्या माणसांचा द्वेष काल लढाई झाल्यासारखा ताजा आहे. पाचशे वर्षे द्वेष टिकू शकतो, पण त्याला कोणीतरी रोज खतपाणी घालावे लागते. युद्धाच्या वेळी बसवलेला कर अजून वसूल होत असेल, जिंकलेल्यांचा देव हरलेल्यांच्या देवळात बसवलेला असेल, दरवर्षीच्या जत्रेत शत्रूचा पुतळा जाळत असतील, तर वाचक विश्वास ठेवील. यांतले काहीच तुम्हाला नको असेल, तर ते अंतर तीस-चाळीस वर्षांवर आणा. मग एक म्हातारी आजी पुरेल.

युद्ध चालू असतानाचीच गोष्ट का लिहू नये, असेही तुम्ही विचारले आहे. लिहावी, जरूर लिहावी. फक्त लढाई चालू असते तोवर कोण जिंकणार हा एकच प्रश्न बाकी सगळ्यांना झाकून टाकतो, आणि ज्याच्या हाती सैन्य नाही त्याला कथेत करण्यासारखे फार थोडे उरते. युद्धानंतर मात्र सत्ता पातळ झालेली असते. नाक्यावर पहारा नसतो, जमिनीचे कागद जळालेले असतात, शस्त्रे घरोघरी पडलेली असतात आणि ती चालवण्याखेरीज दुसरे काही न येणारे हजारो लोक बेकार झालेले असतात. १३६० मध्ये ब्रेतिन्यीच्या तहाने इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध थांबले, तेव्हा पगार बंद झालेल्या सैनिकांनी टोळ्या करून फ्रान्सची खेडी लुटायला सुरुवात केली. तिथल्या शेतकऱ्याला तहानंतरचा काळ युद्धापेक्षा बरा वाटला असेल असे नाही. अशा जगातच एखादा सामान्य मुलगा घर सोडून निघू शकतो, वाटेत त्याला भाडोत्री तलवारबाज भेटू शकतो आणि रिकाम्या गढीत कोणीतरी स्वतःला राजा म्हणवून घेऊ शकतो. हरवलेली विद्या, कोणालाही आता बांधता न येणारे पूल, अर्थ न कळणारे शिलालेख यांचेही स्पष्टीकरण त्यातच मिळते; जाणकार मेले आणि शिकवायला कोणी उरले नाही.

हरवलेली माणसे हा त्यातला सर्वांत सुपीक भाग, आणि इथे पुन्हा पानिपताकडे यावे लागते. सदाशिवरावभाऊंचा अंत कसा झाला याविषयी लोकांच्या मनात संशय राहिला, त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी स्वतःला शेवटपर्यंत विधवा मानले नाही, आणि त्या संशयातून तोतया उभा राहिला. कोकणात त्याच्यामागे फौज जमली, किल्ले त्याच्या हाती गेले आणि १७७६ मध्ये त्याला पकडून देहदंड देण्यात आला. लढाईनंतर पंधरा वर्षांनी एक मेलेला माणूस राज्य हलवू शकतो, कारण पुष्कळांना तो जिवंत असायला हवा असतो. तोतया खरा की खोटा यापेक्षा त्याला ओळखायला बोलावलेले लोक काय सांगतात, कोणाला काय सांगणे परवडते, यात कादंबरी आहे. आपल्या इतिहासात असे धडधडीत साहित्य पडलेले असताना आपले तरुण लेखक बर्फाळ प्रदेशातल्या परक्या नावांच्या लढाया उसन्या आणतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

युद्धाखेरीज चालत नाही असे मात्र समजू नका. उर्सुला ल ग्विनच्या १९६८ मधल्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये सुरुवातीला चाच्यांचा एक हल्ला आहे, पण कथेला महायुद्धाचा टेकू नाही. नायकाने स्वतःच्या गर्वापायी जे जगात सोडले त्याचाच हिशेब त्याला चुकता करावा लागतो. साथ, आटलेली नदी, मोडलेला करार, राजाने लपवलेला गुन्हा यांपैकी काहीही ते काम करू शकते. पात्रांच्या आधी घडलेले आणि पात्रांना टाळता न येणारे असे काहीतरी असले, म्हणजे झाले.

तुमच्या संहितेपुरते सांगायचे तर युद्ध राहू द्या आणि पहिले प्रकरण काढा. पाचशे वर्षांपूर्वीच्या लढाईचे ते अकरा पानी वर्णन, त्यातली सतरा-अठरा नावे आणि आकाशातला प्रकाश, यातले पुढच्या दोनशे पानांत कोणाच्याही घरात येत नाही. त्याऐवजी हरलेल्या राज्यातले एक घर निवडा. तुम्ही त्या लोकांना केवळ दुष्टांचे वंशज म्हणून उल्लेखले आहे. पण त्यांचीही लग्ने होतात, त्यांच्याही मुलांना कोणीतरी त्या युद्धाची गोष्ट सांगते, आणि ती तुमच्या निवेदकाच्या गोष्टीशी जुळत नाही. ती आधी लिहून काढा. ती छापायची नाही, पण ती लिहिल्याशिवाय तिसऱ्या प्रकरणातला सीमेवरचा बाजार तुम्हाला नीट लिहिता येणार नाही, कारण तिथे दोन्हीकडची माणसे पहिल्यांदाच समोरासमोर येतात आणि सध्या त्यांच्याकडे एकमेकांशी बोलण्यासारखे काहीच नाही.